लिहून घेणारे हात

नम्रतेविषयी आपल्या समाजात लिहिले-बोलले जाते ते पुष्कळ. उपवासकाळ आला की प्रवचनांतून, नोव्हेनांच्या पुस्तिकांतून आणि संतचरित्रांतून हा सद्गुण आपल्यापुढे ठेवला जातो. तो ठेवला जावा यात वाद नाही. परंतु या लेखनातील नम्र मनुष्याचे चित्र बहुधा एकाच साच्यातून काढलेले असते. मान खाली, आवाज हळू, स्तुती झाली की 'छे, छे, मी कोण' असे म्हणण्याची तयारी. असा मनुष्य खरोखरच नम्र असतो की नम्र दिसण्यात वाकबगार असतो, हा प्रश्न लेखक सहसा विचारीत नाहीत. पुस्तकांच्या प्रस्तावनाही पाहाव्यात. 'हा अल्पसा प्रयत्न', 'मज अल्पमतीचे धाडस' हे शब्द आले नाहीत अशी प्रस्तावना धार्मिक वाङ्मयात शोधूनच काढावी लागेल. ग्रंथारंभी आपले अज्ञान सांगून श्रोत्यांची क्षमा मागण्याची ही रीत मराठीत ज्ञानेश्वरांपासून चालत आली आहे. त्यांच्या मुखी ती शोभली, कारण तिच्यामागे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ उभा होता. पुढे मात्र ती रीतच राहिली, आणि रीत म्हटली की ती पाळणाऱ्याचे मन तपासता येत नाही.

आम्हांस वाटते, साहित्याच्या प्रांतात नम्रतेची परीक्षा वेगळ्या ठिकाणी होते. लेखक स्वतःविषयी काय म्हणतो यापेक्षा, दुसऱ्याचा शब्द त्याच्या हातून जाऊ लागला म्हणजे तो हात काय करतो, हे पाहावे. तो शब्द आहे तसा पुढे जातो, की वाटेत त्याला आपल्या अंगाचा वास लागतो? या कसोटीला उतरणारी दोन पुस्तके खानदेशाने मराठीला दिली आहेत. एक धुळ्याचे, दुसरे जळगावचे. दोन्ही पुस्तके ज्यांच्या नावाने ओळखली जातात त्यांनी ती स्वतःच्या हाताने लिहिलेली नाहीत. 'गीता प्रवचने' विनोबांची, पण कागदावर उतरविली साने गुरुजींनी. 'बहिणाबाईंची गाणी' बहिणाबाई चौधरींची, पण त्यांना अक्षर येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जे टिपून ठेवले तेवढेच आज आपल्या हाती आहे.

१९३२ साल सविनय कायदेभंगाचे. त्या वर्षी विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते आणि साने गुरुजीही तेथेच होते. सोबतच्या राजबंद्यांसाठी विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलावे असे ठरले. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारीला झाले, अठरावे १९ जूनला. अठरा रविवार, अठरा अध्याय, मध्ये एकही खंड नाही. आमच्या वाचकांना मौज वाटेल म्हणून सांगतो. त्या वर्षीची आपली दिनदर्शिका काढून पाहिली तर पहिले प्रवचन उपवासकाळातील दुसऱ्या रविवारी पडते, पाचवे झावळ्यांच्या रविवारी, आणि ध्यानाविषयीचे सहावे २७ मार्चला, म्हणजे नेमके पुनरुत्थानाच्या रविवारी. तुरुंगातल्या श्रोत्यांच्या ध्यानीमनीही हे नसावे. यातून काही सिद्ध करावयाचे आहे असेही नाही.

साने गुरुजी तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये त्यांनी शिकविले होते, तेथील छात्रालय सांभाळले होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांची अंथरुणे आवरून ठेवीत, कपडे धूत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे वारंवार सांगितले आहे. आपण गुरुवारी पाय धुण्याचा विधी वर्षातून एकदा करतो. या शिक्षकाने तो रोजच्या कामात असा मुरवून टाकला होता की त्याला विधी म्हणण्याचे कोणास सुचले नाही. पण आम्हांस येथे गुरुजींच्या चरित्राविषयी बोलावयाचे नाही, शैलीविषयी बोलावयाचे आहे.

साने गुरुजींची शैली म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. धुळ्यानंतर वर्षभरातच, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. त्या पुस्तकातील गहिवर, उद्गारचिन्हे, एकाच भावनेला तीन-तीन विशेषणांनी कुरवाळण्याची सवय, आणि डोळ्यांतून केव्हाही वाहू लागणारे पाणी हे सारे गुरुजींचे स्वतःचे आहे. कोणी त्यावर प्रेम करतो, कोणी त्याला कंटाळतो. आता 'गीता प्रवचने' काढून शेजारी ठेवा. तेथे वाक्य आखूड आहे. विचार गणितासारखा पायरीपायरीने चढतो. दृष्टान्त येतो तो स्वयंपाकघरातून, शेतातून, सूत कातण्यातून, आणि काम झाले की मुकाट्याने निघून जातो. क्वचित कोठे हलका विनोद. गहिवर आहे, पण तो आवरलेला. हे पुस्तक उतरवून घेणारी लेखणी 'श्यामची आई' लिहिणारीच आहे हे मुखपृष्ठ झाकून वाचणाऱ्यास ओळखता येणार नाही. इतक्या ओल्या मनाच्या लेखकाने अठरा रविवार दुसऱ्याच्या कोरड्या, तर्कशुद्ध वाणीत एक थेंबही मिसळू दिला नाही! आम्ही याला मराठी वाङ्मयातील नम्रतेचे एक अस्सल उदाहरण मानतो. आणि हे उदाहरण गुरुजींनी आपल्या नम्रतेविषयी कोठे काय म्हटले यात नाही. ते न लिहिलेल्या विशेषणांत आहे.

यावर कोणी म्हणेल, लिहून घेणे हे कारकुनी काम, त्यात सद्गुण कसला? ज्याने कधी एखादे भाषण टिपून घेऊन छापले आहे तो असे म्हणणार नाही. वक्त्याचे वाक्य अर्धवट राहते, ते आपल्या मनाने पुरे करण्याचा मोह होतो. वक्त्याने एखादी गोष्ट साधी सांगितली की ती सजविण्याचा मोह होतो. आणि सर्वांत मोठा मोह म्हणजे वक्त्याचे जे पटले नाही ते ऐकूच न येण्याचा.

पवित्र शास्त्रात या कामाची माणसे आहेत. आपण त्यांच्यावरून घाईने पुढे जातो. यिर्मया संदेष्टा सांगे आणि बारूख शाईने पटावर लिही. राजा यहोयाकीमने तो पट शेगडीसमोर बसून चाकूने कापला व जाळला. तेव्हा बारूखाने सारे पुन्हा लिहून काढले, पहिल्याहून अधिक. पुढे त्याच ग्रंथात बारूखाला उद्देशून एक लहानसा अध्याय आहे. त्यात त्याला, स्वतःसाठी मोठेपणाची इच्छा धरू नये, असे बजाविले आहे. म्हणजे ती इच्छा त्याला झाली होती! हा तपशील आम्हांस फार मोलाचा वाटतो. लिहून घेणारा दगड नसतो. त्यालाही आपले नाव हवे असते, आणि ते बाजूला ठेवणे हेच त्याचे खरे काम. संत पौलाचे रोमकरांस पत्र ज्याने लिहून घेतले तो तर्तियस तर याहून मजेदार. सोळा अध्याय पौलाचा शब्द उतरवून झाल्यावर शेवटी तो स्वतःच्या नावाने एक नमस्कार घालतो. एकच वाक्य. त्यात खोटा संकोच नाही, लुडबूडही नाही. मी येथे होतो, माझाही सलाम घ्या, इतकेच. नम्र मनुष्याने स्वतःचे नाव घेऊच नये असे मानणाऱ्यांनी तर्तियसाकडे एकदा पाहावे.

आता जळगावकडे वळू.

बहिणाबाईंचा जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा, महाजनांच्या घरचा. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न, तिसाव्या वर्षी वैधव्य, पदरी तीन मुले. पुढचे सारे आयुष्य शेतात आणि चुलीपाशी गेले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या. त्यांचा मुलगा सोपानदेव हा तोवर स्वतः कवी म्हणून नाव मिळविलेला. आईची गाणी त्याने आचार्य अत्र्यांना दाखविली ती काहीशा संकोचानेच, असे सांगितले जाते. अत्र्यांनी ती उचलून धरली, प्रस्तावना लिहिली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. येथे एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. 'श्यामची आई' हा चित्रपट काढणारेही अत्रेच. तो १९५३ चा, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. ज्यांची ख्याती अतिशयोक्तीबद्दल होती आणि विनयाबद्दल मुळीच नव्हती, त्या गृहस्थांच्या हातून एका अक्षरशून्य शेतकरी बाईचे आणि एका अबोल शिक्षकाचे काम घरोघरी पोहोचले. देव कोणाकडून काय करवून घेईल याचा नेम नाही.

सोपानदेवांच्या संकोचाचा विचार करण्यासारखा आहे. ते ज्या कवींच्या पिढीत वाढले तिची कविता शहरी, शिकलेली, प्रमाण मराठीतली होती. आईची भाषा लेवा पाटलांची बोली. त्या बोलीत 'ळ' टिकत नाही, 'डोळा'चा 'डोया' होतो. 'माणूस' तेथे 'मानूस' असतो आणि 'नाही' ही 'नही' असते. १९५२ च्या वाचकाला ही भाषा गावंढळ वाटण्याची भीती खरी होती. मुलगा कवी होता, छंद जाणत होता. दोन-चार शब्द सरळ केले असते, एखादी यमकजुळणी घासूनपुसून दिली असती, तर कोणाला कळलेही नसते. उलट आईची सेवा केली असेच त्याला वाटले असते. त्याने तसे केले नाही. बोली बोलीच राहिली. मराठी कवितेवर सोपानदेवांचे हे ऋण त्यांच्या स्वतःच्या काव्यसंग्रहांपेक्षा मोठे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत ऐकून त्यांना वाईट वाटले असते असे आम्हांस वाटत नाही.

पण बहिणाबाई स्वतः? त्यांच्या कवितेला नम्र म्हणावे का? येथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण या गाण्यांकडे 'भोळीभाबडी खेडवळ श्रद्धा' म्हणून पाहण्याची सवय आपल्यातही आहे, आणि ती चुकीची आहे.

त्यांचे वैधव्यावरचे गाणे पाहा. कुंकू पुसले गेले, बांगड्या फुटल्या हे त्या लपवीत नाहीत. पण लगेच सांगतात की कपाळावरचे गोंदण कोणी पुसू शकत नाही, आणि बांगडी गेली तरी मनगटातले कर्तृत्व गेलेले नाही. आपल्या जिवाला त्या रडू नको म्हणून समजावितात. दुसऱ्या एका गाण्यात दारी आलेल्या ज्योतिषाला त्या परत पाठवितात. माझे दैव मला ठाऊक आहे, तू येऊ नकोस. ही वाणी लाचाराची नाही. गावाने विधवेला जी जागा नेमून दिली होती ती या बाईने स्वीकारली, पण त्या जागेवर बसून मान खाली घालण्याचे नाकारले. आपण पवित्र मरियेचे स्तोत्र म्हणतो तेव्हा तिच्या दीनतेवर थांबतो. त्याच स्तोत्रात सिंहासनावरून खाली ओढले जाणारे सत्ताधीश आहेत आणि रिकाम्या हाती परत जाणारे धनवंत आहेत, ते ओलांडून जातो. दीन दासी म्हणविणाऱ्या त्या मुलीचा आवाज दबलेला नाही. बहिणाबाईंचाही नाही.

मग नम्रता कोठे आहे? आमच्या मते ती त्यांच्या कामाच्या गाण्यांत आहे. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी अशी शेतीच्या एकेका कामावर त्यांची गाणी आहेत. त्यांतले उपणणीचे घेऊ. ज्यांनी खळे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर मळलेले धान्य उंच उभे राहून वाऱ्यावर सोडतात. दाणा खाली पडतो, भूस उडून बाजूला जाते. बाई पाटी भरून उभी राहील, हात वर करील, पण वारा आला नाही तर सारे व्यर्थ. गाण्यात बहिणाबाई वाऱ्याला हाका मारतात, त्याला मारुतीचा बाप म्हणून चुचकारतात, ये म्हणून विनवितात. श्रम आपले, पण श्रमाला फळ देणारे जे काही आहे ते आपल्या हातचे नाही, हे ज्ञान त्या हाकेत आहे. ते पुस्तकी नाही. खळ्यावर वाट पाहत उभे राहिल्याखेरीज ते येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम रात्री येतो तेव्हा प्रभू येशू त्याला वाऱ्याचाच दृष्टान्त देतो. शास्त्री निकदेम गोंधळून जातो. खळ्यावरच्या बाईला तो दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

सुगरणीच्या खोप्यावरील गाणे तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. एवढ्याशा चोचीने पाखरू घर विणते, आणि माणसाला तर देवाने दोन हात नि दहा बोटे दिली आहेत, एवढेच त्या म्हणतात. उपदेश असा नाहीच. पण वाचणारा आपल्या हातांकडे पाहू लागतो. मनावरील गाण्यात हाकलले तरी पुन्हा पिकात शिरणाऱ्या मोकाट गुराची उपमा आहे. ज्या बाईने असे गुरू खरोखर हाकलले आहे तिलाच आपल्या मनाविषयी इतके निर्विकार, इतके हसतखेळत बोलता येते. पापाच्या जाणिवेचे आपल्याकडील पुष्कळसे लेखन या सहजतेपुढे नाटकी वाटते. सरस्वतीवरील गाण्यात तर त्या आपल्या बोलण्याचे श्रेय सरळ सरस्वतीमातेला देऊन टाकतात. आईने लेकीला शिकविले, लेक बोलते. 'मज पामराला' वगैरे काही नाही. मिळालेले दान आहे हे सांगितले, दान थोर आहे हेही सांगितले, आणि गाणे पुढे गेले.

लॅटिन भाषेत नम्रतेला जो शब्द आहे, 'हुमिलितास', त्याचे मूळ 'हुमुस' म्हणजे माती. ही व्युत्पत्ती आपल्या प्रवचनकारांची आवडती आहे, पण तिच्यावरून ते बहुधा 'तू माती आहेस' याकडे वळतात आणि राखेच्या बुधवारी येऊन थांबतात. माती म्हणजे केवळ अंत नव्हे. खानदेशच्या काळ्या कपाशीच्या जमिनीत राबलेल्या बाईला माती म्हणजे काय ते विचारा. मातीच्या कुशीत बी झोपते, मग वर येते, असे तिचे गाणे आहे. तेथे जमीन हलकी नाही, गरीब नाही. ती धारण करते. संत बेनेदिक्तने सहाव्या शतकात आपल्या नियमावलीच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या मांडल्या. आविलाच्या संत तेरेजाने नम्रतेचे नाते सत्याशी जोडले. दोघांनाही स्वतःस खोटेपणाने खाली लेखणे अभिप्रेत नव्हते, असे आम्ही समजतो. आपण आहोत तेवढेच असणे, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. कमीही नाही हा भाग आपल्या पुस्तिकांतून गळून पडतो.

तो गळला म्हणजे काय होते, याचा विचार साने गुरुजींच्या संदर्भात टाळता येत नाही. गुरुजी स्वतःला सतत दोष देत. त्यांच्या पत्रांतून, कथांतून हा स्वर पुन्हापुन्हा ऐकू येतो. आपण अपुरे, आपण निरुपयोगी, आपल्या हातून काही झाले नाही. वस्तुतः १९४७ च्या मे महिन्यात याच माणसाच्या उपोषणाने पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले झाले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन आपणच संपविले. त्या मृत्यूचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही, कोणासही नाही, आणि एखाद्या मनाचे दुःख एका कारणाने सांगून टाकणे हा उद्धटपणा होईल. समीक्षक म्हणून एवढेच म्हणतो की त्यांच्या लेखनात दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत आणि वाचकाने त्या एक मानू नयेत. दुसऱ्यासाठी स्वतःला विसरण्याची त्यांची शक्ती एक, आणि स्वतःला टोचीत राहण्याची सवय दुसरी. धुळ्याच्या अठरा रविवारी पहिलीच काम करीत होती. मुलांपुढे गुरुजींचा आदर्श ठेवताना पालकांनी हा फरक ध्यानात घ्यावा. आपल्या घरांतही अशी मुले असतात जी कबुलीजबाबाच्या पेटीतून हलकी होऊन येत नाहीत, अधिकच भारावून येतात. त्यांना आणखी नम्र व्हा असे सांगणे हा उपाय नव्हे.

आमच्या काही वाचकांच्या मनात एक शंका असेल. विषय ख्रिस्ती जीवनातील नम्रतेचा, आणि उदाहरणे गीतेच्या प्रवचनांची व एका शेतकरी हिंदू बाईच्या गाण्यांची? शंका रास्त आहे. विनोबांनी ख्रिस्तधर्मग्रंथांचा अभ्यास करून 'ख्रिस्त-धर्म-सार' हे पुस्तक सिद्ध केले हे सांगून आम्ही ती टोलवू शकलो असतो, पण ते खरे उत्तर नाही. खरे उत्तर असे की शेजारच्या शेतात आपल्यापेक्षा चांगले पीक आले असेल तर बांधावर उभे राहून ते पाहणे हाही याच सद्गुणाचा भाग आहे.

आणि खानदेशच्या या कथेत ख्रिस्ती माणसेही आहेत. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले, कर्नल डॉ. कीर्तिकर अध्यक्ष होते. तेथे धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक तेव्हा मराठीतील मान्यवर कवी होते, वयाने जवळजवळ तीस वर्षांनी वडील. त्यांनी या मुलाला आपलेसे केले, पुढे तो अहमदनगरास त्यांच्या घरात राहिला. टिळकांना तो आपल्याहून मोठा कवी होणार हे दिसत नव्हते असे नाही. तरुण प्रतिस्पर्धी पुढे जात असता त्याला घरात जेवू घालणे साहित्यिकांत विरळा! बालकवी १९१८ मध्ये जळगावजवळ भादली स्थानकापाशी रेल्वेखाली सापडून गेले. पुढच्याच वर्षी टिळकही गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर अर्धे राहिले होते. ते पुरे करण्याचे काम हाती घेतले लक्ष्मीबाईंनी, म्हणजे शाळेचे तोंड न पाहिलेल्या पत्नीने, आणि तिने नवऱ्याने लिहिले होते त्याच्या कितीतरी पट अधिक अध्याय लिहून काढले. टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे होते, म्हणून आपल्या घरांत त्यांची पुस्तके कमी वाचली गेली. हे बरे झाले नाही. 'स्मृतिचित्रे' ज्याने वाचले नाही त्याने नम्रतेवरचे दुसरे कोणतेही पुस्तक वाचण्यापूर्वी ते वाचावे. स्वतःवर इतके मोकळेपणी हसणारी लेखिका मराठीत दुसरी नाही, आणि स्वतःवर हसता येणे हे मान खाली घालण्यापेक्षा कठीण आहे.

फादर थॉमस स्टीफन्स तर आपल्याच घरचे. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेजुइटाने १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापले ते ओवीत. ग्रंथाची ओवी आणि जात्यावरची ओवी अगदी एक नव्हेत, तरी एका घरच्या खऱ्या. युरोपातील विद्यापीठांत शिकलेल्या माणसाने आपली काव्यरीत बाजूला ठेवून या मातीतील बायाबापड्यांच्या कानाला ओळखीची असलेली चाल उचलली. तेही एका अर्थाने लिहून घेणेच झाले.

हे सारे आज काढण्याचे एक कारण आहे. १९६३ मध्ये व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली, आणि मिस्सा मराठीत आली. पण कोणाच्या मराठीत? धुळे-जळगावकडे घरातली भाषा कोठे अहिराणी, कोठे लेवा बोली, सातपुड्याच्या बाजूला भिल्ली नि पावरी. वसईत सामवेदी आणि वाडवळी आहेत. देवळात मात्र बोलीचा शब्द तोंडातून निसटला तर अजूनही कोपऱ्यातून हसू येते. म्हाताऱ्या बायकांची लग्नातली, बारशातली, मरणाच्या रात्रीची गाणी ज्या भाषेत आहेत ती भाषा त्यांच्याबरोबर जात आहे. ती टिपून घेण्यास कोणी तरुण वही घेऊन बसला तर त्याच्यापुढे सोपानदेवांचाच प्रश्न उभा राहील. आजीने येशूला ज्या शब्दाने हाक मारली तो शब्द वहीत तसाच ठेवावयाचा, की शुद्ध करावयाचा? असे काही संग्रह आम्ही पाहिले आहेत. त्यांत व्याकरण निर्दोष आहे आणि आजी हरवलेली आहे. संपादकाने प्रस्तावनेत स्वतःला 'अल्पमती' म्हटलेलेही आहे. असल्या विनयापेक्षा 'डोया' तसाच ठेवणारा एक हट्टी, तोंडाळ संपादक आम्हांस चालेल. अत्रे चालतील!

बहिणाबाईंचे एक गाणे छापखान्यावर आहे. कोरा कागद छापला गेला की शहाणा होतो आणि माणूस मात्र येडा तो येडाच राहतो, अशा अर्थाचा चिमटा त्यात आहे. ते गाणे पुस्तकात छापून आले तेव्हा त्या हयात नव्हत्या. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. त्याच्या प्रत्येक पदवीपत्रावर आता ते नाव छापले जाते. पदवी घेणाऱ्या मुलामुलींपैकी कितीजणांनी ते गाणे वाचले असेल, कोण जाणे.